तालमीत ठीक, कार्यक्रमात शिट्टी: तंतुवाद्य आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्समधला हट्टी फीडबॅक

तक्रार साधारण अशी असते. चेलो किंवा व्हायोलिन, त्यावर पिकअप किंवा क्लिपचा माइक, पुढे इंटरफेस (आवाज संगणकात नेणारा आणि बाहेर आणणारा डबा), लॅपटॉपवर मॅक्स, प्युअर डेटा किंवा सुपरकोलायडर अशा सॉफ्टवेअरमधला पॅच, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी जोडणी, आणि शेवटी दोन-चार स्पीकर. छोट्या खोलीत तालीम व्यवस्थित पार पडते. कार्यक्रमाच्या जागी मात्र एखाद्या हळुवार ठिकाणी, बहुतेकदा विरामातच, एक सूर आपोआप उगवतो. सुरुवातीला तो रचनेचाच भाग वाटतो (या प्रकारच्या संगीतात ही सोयही आहे आणि गैरसोयही). मग तो फुगायला लागतो. हाच फीडबॅक: बाहेर पडलेला आवाज फिरून परत आत येतो आणि वाढत जातो. मिक्सरवरचा माणूस ती फ्रीक्वेन्सी इक्वलायझरवर कापतो, सूर बसतो आणि थोड्या वेळाने शेजारच्या सुरावर पुन्हा उठतो. असं सात-आठ ठिकाणी कापून झालं की शिट्टी थांबते खरी, पण तोवर चेलो टेलिफोनमधून ऐकल्यासारखा वाजायला लागलेला असतो. पुढच्या कार्यक्रमात सगळं पहिल्यापासून.

हे परत परत होतं याचं कारण म्हणजे अशा मांडणीत आवाजाला फिरून मूळ जागी यायच्या वाटा एकाहून जास्त असतात आणि मिक्सरवरचा इक्वलायझर फार तर त्यातल्या एखाद्या वाटेवर बसलेला असतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तेव्हा कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी शिट्टी कोणत्या चक्रातून येते आहे ते ठरवा. उपाय त्यावर अवलंबून आहेत आणि एका चक्राचा उपाय दुसऱ्याला लावला तर कधीकधी दुखणं वाढतं.

चक्रं कोणती

हवेतलं चक्र सगळ्यांच्या ओळखीचं: स्पीकरचा आवाज हवेतून माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत स्पीकरमधून निघतो.

दुसरं चक्र वाद्याच्या अंगातून जातं. स्पीकरच्या आवाजाने वाद्याची लाकडी पेटी आणि तारा हलतात आणि घोडीखाली बसवलेला पिझो पिकअप ती हालचाल उचलतो. इथे माइक नसला तरी अख्खं वाद्यच माइकचं काम करत असतं. ‘पिकअप लावला की फीडबॅकची कटकट मिटली’ हा समज इथेच गळून पडतो.

तिसरं चक्र पॅचच्या पोटात असतं. डिलेचं (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या इफेक्टचं) आउटपुट परत डिलेच्या इनपुटला जोडलेलं, रिव्हर्बमधल्या (घुमाऱ्याच्या इफेक्टमधल्या) आतल्या जोडण्या, दोन डिले एकमेकांना आवाज पुरवतात असा आवडता प्रकार. यात हवेचा, वाद्याचा, स्पीकरचा काहीही संबंध नाही. स्पीकरची वायर काढून ठेवली तरी ते फुगतच राहील.

आणि खरा त्रास देतं ते मिश्र चक्र: स्पीकरमधून निघालेला आवाज वाद्यात किंवा माइकमध्ये शिरतो, तिथून अर्ध्या सेकंदाच्या डिलेत जातो आणि तिथून परत स्पीकरमध्ये. लूपरवर, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, थरावर थर चढवताना नेमकं हेच होतं. दर फेरीला वादकाच्या नव्या आवाजाबरोबर स्पीकरमधून वाजणारे जुने थरही परत रेकॉर्ड होत राहतात.

चारही ठिकाणी नियम एकच, बार्कहाउझेनच्या नावाने ओळखला जाणारा. एक फेरी मारून आलेला आवाज निघाला होता तेवढाच किंवा त्याहून मोठा असेल आणि आधीच्या लाटेशी त्याची कला (लाटेच्या चढउताराची जागा) जुळत असेल, तर तो सूर स्वतःच्या पायावर उभा राहतो. कला कुठे जुळेल हे फेरीला किती वेळ लागतो यावरून ठरतं. समजा इंटरफेस आणि बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) मिळून १० मिलिसेकंद घेतात आणि स्पीकर वाद्यापासून ३ मीटरवर आहे. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे हवेतले ८.७ मिलिसेकंद धरून फेरी १८.७ मिलिसेकंदांची. ढोबळमानाने दर ५३ हर्ट्झवर शिट्टीचा एक उमेदवार उभा आहे. एकाला कापलं की शेजारचा पुढे येतो, तो यामुळेच.

आता त्याच फेरीत ५०० मिलिसेकंदांचा डिले घाला. उमेदवार दर २ हर्ट्झला उभे राहतात. व्हायोलिनच्या मोकळ्या जी तारेपासून वरच्या एका सप्तकात, म्हणजे १९६ ते ३९२ हर्ट्झमध्ये, शंभराच्या आसपास. इथे इक्वलायझरने एकेक फ्रीक्वेन्सी वेचायला बसणं म्हणजे वेळ घालवणं. मिश्र चक्रात एकूण जोरच कमी करावा लागतो आणि कुठला जोर ते ओळखण्यासाठी पुढची चाचणी.

ओळखायचं कसं

साउंडचेकमध्ये शिट्टी मुद्दाम उगवू द्या. मास्टर खाली ठेवून, कानात इअरप्लग घालून, हात फेडरवर ठेवून. सूर उभा राहिला की मिक्सरवर किंवा स्पीकरवरच आवाज म्यूट करा. पॅचमध्ये म्यूट करू नका, कारण पॅचचे मीटर आपल्याला बघायचे आहेत. इनपुटचा आणि आउटपुटचा असे दोन मीटर पॅचमध्ये नसतील तर ते आधी बसवा. त्यांच्याविना पुढचं सगळं अंदाजपंचे.

दोन्ही मीटर लगेच कोसळले तर चक्र हवेतून किंवा वाद्यातून जात होतं. इनपुट कोसळला पण आउटपुट तसाच राहिला किंवा वर चढतो आहे, तर गोम पॅचमध्ये आहे आणि हॉलमध्ये कितीही माइक हलवलेत तरी उपयोग नाही. इनपुट लगेच पडला आणि आउटपुट पायरी-पायरीने, डिलेच्या लयीत उतरत गेला, तर मिश्र चक्र समजा.

हवा की वाद्य हे ठरवायला म्यूट काढून सूर पुन्हा उभा राहू द्या आणि वादकाला तळहाताने सगळ्या तारा दाबायला सांगा. सूर विझला तर तारा चक्रात होत्या. नाही विझला तर वादकाला वाद्यासकट पाऊलभर सरकू द्या किंवा थोडं वळू द्या. सूर दुसऱ्याच उंचीवर उडी मारत असेल तर हवेतला रस्ता. सूर तोच राहून फक्त जोर कमीजास्त होत असेल तर वाद्याच्या पेटीचा अनुनाद.

ही चाचणी वाद्य स्टँडवर ठेवून करू नका. वादकाच्या गुडघ्यांत धरलेला चेलो आणि स्टँडवर टेकवलेला चेलो ही या कामापुरती दोन वेगळी वाद्यं आहेत. साउंडवाले घाईत असतात, वादक चहाला गेलेला असतो आणि वाद्य स्टँडवर असतानाच ‘रिंग आउट’, म्हणजे शिट्ट्या मुद्दाम उगवून कापण्याचं काम, उरकलं जातं. मग वादकाने ते हातात घेतलं की सगळी गणितं बदलतात.

फुगण्याची चालही कानाने ओळखता येते. हवेतली आणि वाद्यातली शिट्टी सलग चढते, बऱ्याचदा सेकंदाच्या आत. डिले चक्रात असेल तर ती ठोक्याठोक्याने चढते: एक फेरी, थोडी मोठी, आणखी एक फेरी, आणखी थोडी मोठी. डिलेचा वेळ हलवून बघा. ठोक्यांची चाल त्याबरोबर बदलली तर पक्कं.

पॅचमधलं चक्र: ०.९५ निरुपद्रवी नसतं

पॅचमध्ये फीडबॅकचा गुणक (दर फेरीला आवाज किती पट परत जातो तो आकडा) १ पेक्षा कमी ठेवला की सगळं आटोक्यात, असं आपण शिकतो. ते एकट्या, स्वच्छ डिलेपुरतं खरं आहे. गुणक ०.९५ असेल तर दर फेरीला जेमतेम ०.४५ डेसिबल उतरतात. ६० डेसिबल उतरायला साधारण १३५ फेऱ्या. ५०० मिलिसेकंदांच्या डिलेला मिनिटाहून जास्त. तेवढ्या वेळात वादक पुढच्या चार ओळी वाजवून मोकळा झालेला असतो आणि त्याही त्याच टाकीत साचत जातात. ही शिट्टी नसून नुसती गर्दी आहे, पण स्पीकरमधून ती वाद्यात शिरली की मिश्र चक्राला आयतं खाद्य मिळतं.

गुणक तोच ठेवून चक्रात एक फिल्टर आला की गंमत सुरू होते. रंग यावा म्हणून डिलेच्या आत बँडपास (मधला एक पट्टाच जाऊ देणारा) किंवा लोपास (खालचा भाग जाऊ देणारा) बसवलेला असतो, त्याचा रेझोनन्स, म्हणजे एका फ्रीक्वेन्सीवरचं शिखर, थोडा चढवलेला असतो. त्या शिखरावर फिल्टर फक्त १ डेसिबल वाढवत असेल, म्हणजे १.१२ पट, तर ०.९५ गुणिले १.१२ म्हणजे १.०६. त्या एका फ्रीक्वेन्सीपुरतं चक्र एकाच्या पुढे गेलं. आकडा पडद्यावर ०.९५ दिसतो आहे आणि आवाज फुगतो आहे, मग माणूस माइककडे संशयाने बघत बसतो.

एकमेकांना आवाज पुरवणारे डिले याहून फसवे. डाव्या डिलेचा स्वतःला गुणक ०.६ आणि उजव्याकडे जाणारा ०.५, उजव्याचंही तसंच. सुटे बघितले तर चारही आकडे सभ्य. पण दोन्हीत सारखाच आवाज शिरला की बेरीज धरायची, ०.६ अधिक ०.५ म्हणजे १.१, आणि चक्र सुटतं. एकाच पिकअपमधून येणारा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच जातो. त्यामुळे ही अडचण तंतुवाद्याच्या मोनो इनपुटवर हमखास येते आणि घरी स्टिरिओ फाइल लावून पॅच तपासताना लवकर लक्षात येत नाही. बेरीज १ च्या आत ठेवा, किंवा एका आडव्या जोडणीचं चिन्ह उलटं करा. उलट्या चिन्हाने फुगणं आटोक्यात येतं आणि ध्वनीही थोडा मोकळा होतो.

यावर माझा ठरलेला उपाय म्हणजे प्रत्येक चक्राच्या आत, परतीच्या वायरवर, दोन गोष्टी बसवणं. एक मऊ क्लिपिंग, म्हणजे लाटेची टोकं हळुवार दाबणं. टॅन-एच हे गणिती फंक्शन पुरतं. चक्र सुटलंच तरी आवाज एका मर्यादेत राहतो, थोडा खरखरीत होतो आणि वादकाला सावरायला वेळ मिळतो. दुसरा, २० हर्ट्झच्या आसपास हायपास, म्हणजे त्याखालचं सगळं अडवणारा फिल्टर. एकतर्फी वेव्हशेपिंग (लाटेचा आकार बदलणं) वगैरे चक्रात असेल तर दर फेरीला थोडा डीसी, म्हणजे लाट एका बाजूला सरकवणारा स्थिर भाग, साचत जातो. तो ऐकू येत नाही, पण स्पीकरचा कोन एका बाजूला ढकलला जातो आणि पुढचं सगळं क्लिप व्हायला लागतं. मास्टरवर लिमिटर लावून हे साधत नाही. तो चक्राच्या बाहेर असतो. आत आवाज फुगतच राहतो आणि लिमिटर फक्त त्याचं तोंड दाबून धरतो.

एक विचित्र लक्षणही इथेच सांगून टाकतो. आवाज फुगत गेला आणि अचानक सगळं चिडीचूप, मीटरही मेलेले, वादक वाजवतोय पण काही येत नाही. फिल्टरचे आकडे हाताबाहेर जाऊन ‘नॅन’, म्हणजे आकडाच नसलेला आकडा, चक्रात शिरला की तो तिथेच फिरत राहतो. फेडर हलवून काही होत नाही. फिल्टर आणि डिले रिकामे करावे लागतात, किंवा ऑडिओ बंद करून पुन्हा चालू.

विरामातच का उगवते

यामागे बहुतेक वेळा कॉम्प्रेसर, म्हणजे ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वरचा आवाज दाबणारा इफेक्ट, असतो. दोष त्याच्या कामात नाही, जागेत आहे.

एक नेहमीची जागा घ्या. चेलोवादक जोराच्या गजाने एक दाट, खरबरीत सूर ओढत आणतो, टोकाशी गज उचलतो आणि स्वरलिपीत पुढे लांब विराम आहे. इलेक्ट्रॉनिक्सने त्या विरामात हळूहळू विरघळायचं आहे. इनपुटवर कॉम्प्रेसर आहे: थ्रेशोल्ड उणे ३० डेसिबल, प्रमाण ४ ला १, वर १२ डेसिबलची मेकअप वाढ (दाबल्यामुळे गेलेला जोर भरून काढण्यासाठीची). वाजवताना इनपुट उणे १० ला होता. थ्रेशोल्डच्या २० वर, त्याचे कॉम्प्रेसरने ५ केले, म्हणजे १५ डेसिबल कापले. वाढीचे १२ मिळवले की निव्वळ उणे ३. गज उचलला, इनपुट थ्रेशोल्डच्या खाली गेला, रिलीजचा (दाब सोडायला लागणारा) वेळ संपला आणि कॉम्प्रेसरने कापणं थांबवलं. आता निव्वळ अधिक १२. वादक मान खाली घालून स्तब्ध बसला आहे, त्याच्या वाद्याच्या चारही तारा मोकळ्या आहेत आणि पॅचने नुकताच इनपुटचा जोर १५ डेसिबलने वाढवला आहे. विरघळायला सोडलेला आवाज स्पीकरमधून येतो, मोकळ्या तारा त्याला साथ देतात आणि चक्र सुरू.

तालमीच्या खोलीत हे होत नाही, कारण तिथे स्पीकरचा आवाज मुळात कमी असतो आणि विरामही पूर्ण लांबीचे घेतले जात नाहीत. ‘इथे थांबू, पुढचं घेऊ’ असं म्हणून उडी मारली जाते. विराम पूर्ण लांबीचे धरून एकदा तरी तालीम करा. अर्ध्या तक्रारी तिथेच उघड्या पडतात.

नॉइज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारा इफेक्ट) हा पटकन सुचणारा उपाय मला पसंत नाही. घोडीमागे घासलेला गज, लाकडाने केलेला हलका आघात, तारेवर नुसती फिरवलेली बोटं या आवाजांसाठीच तर हे संगीत असतं आणि गेट नेमकं तेच खातो. त्यापेक्षा पॅचमध्ये सीन, म्हणजे रचनेच्या भागाभागासाठी वेगळ्या मांडण्या, करा: विरामाच्या सीनमध्ये इनपुटकडून डिलेत जाणारी वाट अर्ध्या सेकंदात हळूच बंद होते, डिलेतून बाहेर येणारी मात्र उघडी राहते. शेपूट पूर्ण ऐकू येते, चक्र तुटलेलं असतं. सीन वादकाच्या पायातल्या पेडलने बदलतो. मेकअप वाढ कॉम्प्रेसरमधून काढून टाका आणि अगदी हळू वाजणाऱ्या भागांना वेगळी, सीनपुरती वाढ द्या. त्याहून चांगलं म्हणजे हळू आवाजांसाठी दुसरा माइक किंवा संपर्क-माइक वेगळ्या चॅनलवर ठेवणं, जो फक्त त्या सीनमध्ये उघडतो. एकाच गेनमध्ये कुजबुज आणि किंचाळी दोन्ही बसवायला गेलं की गेन कुजबुजीच्या मापाने लावावा लागतो आणि तो तिथेच राहून जातो.

वाद्यातलं चक्र आणि पिझोची साखळी

इथे कारण बरंच मागे, इनपुटच्या सॉकेटमध्ये असू शकतं. पिझो पिकअपला पुढे उच्च इंपीडन्सचं (विद्युत अडथळ्याचं) इनपुट लागतं, किमान १ मेगाओहम. पिकअपची कपॅसिटन्स १ नॅनोफॅराड धरली आणि तो १० किलोओहमच्या साध्या लाइन इनपुटला जोडला, तर साधारण १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. म्हणजे जवळजवळ अख्खा चेलो. १ मेगाओहमला ही रेषा १६० हर्ट्झच्या आसपास येते, १० मेगाओहमला १६ हर्ट्झवर. आवाज पत्र्यासारखा पातळ लागतो म्हणून कोणीतरी इक्वलायझरवर खर्ज भरपूर चढवतो. चेलोच्या पेटीतल्या हवेचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, नेमका त्या चढवलेल्या भागात. मग खर्जात घुमणारी शिट्टी येते आणि उपाय म्हणून माइक बदलण्याची चर्चा चालते. पिझोला योग्य प्रीॲम्प द्या, तो वाद्याच्या जवळच ठेवा आणि आधी चढवलेला खर्ज खाली आणा.

व्हायोलिनला हवेचा अनुनाद वर, २७० ते २८० हर्ट्झच्या जवळपास आणि पेटीचे मुख्य अनुनाद ४०० ते ५७० च्या पट्ट्यात. शिट्टी यापैकी एखाद्या जागी ठाण मांडून बसली असेल तर तिथे एक रुंद, ३ ते ४ डेसिबलचा काप योग्य आहे. इथे इक्वलायझर खरंच उपयोगी पडतो. चेलोला बऱ्याचदा १६५ ते १८५ हर्ट्झच्या दरम्यान वुल्फ सूर असतो, म्हणजे वाद्य तिथे मुळातच थरथरतं. वुल्फ दाबणारी पितळी नळी घोडीखालच्या तारेवर बसवली की फीडबॅकलाही थोडा आराम पडतो.

बिनखर्चाचा उपाय म्हणजे एफच्या आकाराच्या छिद्रांत मऊ फोमचे तुकडे बसवणं. ध्वनिक आवाज बदलतो, पण ऐकणाऱ्यांपर्यंत पोचणारा आवाज पिकअपचाच असेल तर तो सौदा परवडतो. वादकाला आधी विचारा. वाद्य जुनं असेल तर तो नकार देईल आणि त्याचं बरोबर असेल.

तरफा (न वाजवता आपोआप झंकारणाऱ्या तारा) असलेल्या वाद्यांचं, म्हणजे सारंगी किंवा दिलरुब्याचं, प्रकरण आणखी नाजूक आहे. सारंगीत तिसाहून अधिक तरफा असतात आणि त्या तळहाताने दाबायची सोय वादकाला नाही. तिथे पिकअपऐवजी अगदी जवळचा माइक आणि स्पीकरचा खर्ज कापणं हेच जास्त चालतं. शिवाय शिट्टी रागाच्या स्वरांवरच येते, त्यामुळे ती उशिरा लक्षात येते.

सबवूफर वादकाच्या पाठीशी किंवा त्याच लाकडी चौथऱ्यावर ठेवू नका. चेलोची पिन थेट चौथऱ्यात रुतलेली असते. खालून येणारा खर्ज पिनमधून पेटीत चढतो आणि इथे माइकची जागा बदलून काही होणार नाही. पिनखाली जाड रबर किंवा फोम ठेवून बघा.

हवेतलं चक्र

याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून थोडक्यात. माइक वाद्याच्या दुप्पट जवळ नेला तर साधारण ६ डेसिबल फुकट मिळतात. इक्वलायझरवरचे दहा काप एवढं देत नाहीत. उघडे माइक दुप्पट केले की ३ डेसिबल हातचे जातात, म्हणून चौकडीत ज्याचं काम नाही त्याचा माइक सीनमध्ये बंद असू द्या. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक मागच्या बाजूने, १८० अंशांवर, सगळ्यात बहिरा असतो, पण सुपरकार्डिऑइड (त्याचाच जास्त अरुंद प्रकार) साधारण १२६ अंशांवर. सुपरकार्डिऑइडच्या बरोबर मागे मॉनिटर (वादकाला ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर) ठेवणं चुकीचं, तो थोडा बाजूला हवा. शक्य असेल तर मॉनिटर काढून वादकाच्या एका कानात इअरफोन द्या.

पिकअप आणि माइक दोन्ही मिसळत असाल तर एक गोष्ट तपासा. माइक तारांपासून ३४ सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज पिकअपपेक्षा १ मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही सारख्या जोराने मिसळले की ५०० हर्ट्झवर खड्डा पडतो आणि १,००० वर ६ डेसिबलपर्यंत उंचवटा येतो. त्या उंचवट्यावर शिट्टी आधी येणार. पिकअपच्या चॅनलला तेवढाच डिले द्या, किंवा खर्ज पिकअपकडून आणि वरचा भाग माइककडून घ्या.

कापायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, बाकीचं झाल्यावर. गेन हळूहळू चढवा, पहिला सूर उभा राहिला की तिथे अरुंद काप, ३ ते ६ डेसिबल. असे तीन-चार झाले की थांबा आणि मग एकूण गेन ६ डेसिबलने खाली घ्या. काप फार अरुंद करू नका. प्रेक्षक आल्यावर हॉल ५ अंशांनी तापला तर ध्वनीचा वेग साधारण ०.९ टक्क्यांनी वाढतो आणि रिकाम्या हॉलमध्ये नेमका लावलेला काप सुराच्या शेजारी पडतो.

जे मला टाळावंसं वाटतं

आपोआप फीडबॅक मारणारी यंत्रं भाषणासाठी ठीक. लांबवर टिकणारा, एकाच फ्रीक्वेन्सीचा सूर दिसला की ती त्याला शिट्टी समजतात. व्हायोलिनवर वीस सेकंद धरलेला हार्मॉनिक त्यांना अगदी तसाच दिसतो. दोन पानांत ती तुमची रचना पोखरून ठेवतात.

आवाज थोडासा वर सरकवून चक्र मोडायची युक्ती जुनी आहे; १९६० च्या दशकात मानफ्रेड श्रोडर यांनी सभागृहातल्या ध्वनिवर्धनासाठी ती मांडली. ५ हर्ट्झ सरकवले तर १,३२० हर्ट्झच्या सुरावर फरक साडेसहा सेंटांच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आसपास, ऐकू येईल न येईल असा. पण चेलोची मोकळी सी तार ६५.४ हर्ट्झची. तिथे ५ हर्ट्झ म्हणजे अर्ध्या स्वराहून जास्त. थेट आवाजावर ती वापरू नका. डिलेच्या आत मात्र ती छान चालते: दर फेरीला आवाज थोडा सरकत जातो, एकाच जागी साचत नाही आणि होणारा बदल रचनेला शोभतोसुद्धा.

शिट्टीच हवी असेल तर

काही रचनांत फीडबॅक हेच वाद्य असतं. आइसलंडच्या हॉल्डोर उल्फार्सन यांचा हॉलडोरोफोन हा चेलोसारखा तंतुवाद्याचा प्रकार त्यावरच उभा आहे: तारांचा आवाज पिकअपमधून वाद्याच्याच पाठीवरच्या स्पीकरमध्ये जातो आणि कोणती तार किती परत पाठवायची हे वादक स्वतः ठरवतो. यातून घेण्यासारखं म्हणजे मुद्दाम आणलेल्या फीडबॅकसाठी वेगळा, छोटा स्पीकर वाद्याच्या अगदी जवळ ठेवावा आणि त्याचा जोर वादकाच्या हातात किंवा पायात द्यावा. हॉलच्या मोठ्या स्पीकरकडून ते काम करून घेतलं तर चक्र लांबतं, उमेदवार वाढतात आणि कुठला सूर धरायचा हे हॉल ठरवतो. या स्पीकरचा स्वतंत्र लिमिटर असावा आणि मुख्य स्पीकरमध्ये जाणारा त्याचा आवाज पॅचच्या डिलेतून जाऊ देऊ नये. मुद्दाम आणलेली आणि नको असलेली शिट्टी एकाच फेडरवर आली की दोन्हीवरचा ताबा सुटतो.

पेडल

सगळं करूनही एखादा हॉल दगा देतो. त्यासाठी वादकाच्या डाव्या पायाशी एक पेडल राखून ठेवा, दुसऱ्या कुठल्याही कामाला न दिलेलं. ते दाबल्यावर फक्त म्यूट व्हायला नको. म्यूट काढल्याबरोबर डिलेच्या टाकीत साचलेलं सगळं जसंच्या तसं बाहेर येतं आणि शिट्टी जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते. पेडलने तीन कामं या क्रमाने करावीत: डिलेचं इनपुट बंद, मग आउटपुट २०० मिलिसेकंदांत खाली, मग डिलेचे आणि फिल्टरचे बफर शून्य. पेडल सोडल्यावर आउटपुट उघडतं, इनपुट मात्र वादकाने पुन्हा दाबेपर्यंत बंदच. म्हणजे तो गज तारेवर टेकवून, तारा हाताखाली घेऊन, तयार झाल्यावरच पॅच ऐकायला लागतो. तालमीत हे पेडल एकदा ऐन वाजवण्याच्या मधोमध दाबून बघा. क्लिक आला तर ते २०० मिलिसेकंद थोडे वाढवा.